समासातलं हवामान

॥ श्री ॥
बॉथेल, अमेरिका, ७ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
वसूचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला महिना उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. फोन केला असता, पण तू फोनवर अर्धं ऐकतोस आणि उरलेलं पदरचं घालतोस. मागच्या खेपेला मी गुडघ्याबद्दल बोलत होते आणि तू शैलजावहिनीला मी गोव्याला चालले म्हणून सांगितलंस. तेव्हा महत्त्वाची बातमी पत्रानेच कळवायची, हे मी ठरवून टाकलं आहे.

बातमी अशी की आमचा सुशांत, सूनबाई रेणू आणि अनया थॉर्नबेकला पोचली. हो, तुझंच थॉर्नबेक. रेणूला उत्तर इंग्लंडमधल्या एका लॅबमध्ये दोन वर्षांचं काम मिळालं आणि सुशांतचं काम काय, लॅपटॉप उघडला की सुरू. शहरात सुखाने राहिली असती. पण तू पन्नास वर्षं या पोरांना त्या गावाच्या गोष्टी सांगितल्यास ना! ते चर्च, तो ओढा, तुला पहिल्या थंडीत लोकरीचे मोजे विणून देणारी पोस्टातली बाई. सुशांत म्हणाला, राहायचं तर मामाच्या गावातच राहायचं. तिथे करमलं नाही तर जाब तुला विचारणार आहे.

घर चॅपल रो नावाच्या रांगेत आहे. दगडी सात घरं, त्यातलं तिसरं, निळ्या दाराचं. स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली आहे. अनया चार वर्षांची, तिला आपल्या हाताने नमस्कार करायचा असतो, म्हणून देव्हारा त्याच पायऱ्यांशी कोनाड्यात, अगदी खाली मांडला आहे. शेजारी हॅरॉप नावाचे एक्याऐंशी वर्षांचे आजोबा एकटेच राहतात. पूर्वी बस चालवायचे. ते अनयाला मेंढ्या मोजायचे जुने गावठी आकडे शिकवतात आणि दर शुक्रवारी ॲपल पाय करून देतात.

रेणूची एकच तक्रार आहे. देवापुढचं निरांजन विझतं. रोज नाही. एखाद्या दिवशी तीनदा लावलं तर तीनदा विझतं, आणि वारा तर कुठेच नाही. तीच वात वर माडीवर नेली की छान तेवते. पोरगी पीएचडी झालेली, तरी नागपूरला आईला फोन करून रडली. मला कुणाला सांगू नका म्हणाली, म्हणून फक्त तुलाच सांगते आहे.

तू त्या गावाचा इतिहास लिहितो आहेस तो सुशांतला पाठव. लोभ आहेच, तो असाच राहू दे. रक्तदाबाची गोळी मात्र विसरू नकोस.

तुझी,
वसू

*

॥ श्री ॥
ट्रॉय, मिशिगन, १४ ऑक्टोबर २०२४

चि. वसुधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू म्हणतेस तसा मी पदरचं घालत नाही. तू तोंडात सुपारी ठेवून बोलतेस.

सुशांतसाठी इतिहासाची चार प्रकरणं वेगळ्या पाकिटात टाकली आहेत. तुला थोडक्यात सांगतो. चर्च बाराव्या शतकातलं. मेंढ्या आणि ओट हे गावाचं पोट. सतराशेच्या सुमाराला टेकडीखाली थोडा कोळसा सापडला आणि लोक शेतीच्या जोडीला बिळं खणू लागले. फार मोठी खाण ती कधीच नव्हती. शंभरेक वर्षांपूर्वी ती बंद झाली, तोंडावर जुने लाकडी ओंडके टाकले, वर माती, मातीवर गवत. आज तिथे गेलीस तर तुला फक्त हिरवं कुरण आणि मेंढ्या दिसतील. चॅपल रो ही खाणीच्या माणसांची रांग. खाण गेली, माणसं गेली, रांग राहिली.

तुला ठाऊक आहेच, निवृत्त झाल्यापासून मी तिथल्या इतिहास मंडळासाठी चर्चच्या दफननोंदी वाचून देतो. ते पानांचे फोटो पाठवतात, मी इथे बेसमेंटमध्ये बसून भिंगाखाली ते अक्षर लावतो आणि टाइप करतो. आपलं मोडी वाचलेलं डोकं इथे कामाला येतं. तिथल्या पाद्र्यांची एक सवय मोठी गमतीची. नोंदीशेजारी समासात त्या दिवसाचं हवामान लिहून ठेवायचे. हिम, धुकं, बॅरोमीटरचा पारा किती. पिढ्यान् पिढ्या ही सवय चालली. मंडळाच्या पत्रकात माझा उल्लेख गावाचे अमेरिकेतले डॉक्टर असा करतात. शैलजा त्यावरून मला चिडवते.

बाकी घर छान आहे. मला ती रांग चांगली आठवते.

रेणूला विचारून एवढं कळव: निरांजन विझलं ते दिवस कोणते होते, तारखांसकट. त्या दिवशी तिथे वादळ होतं का. अनया स्वयंपाकघरात जमिनीवर बसून खेळते का. झोपते कुठे. स्वयंपाकघराची खिडकी उघडते की नाही. म्हाताऱ्या माणसाचं कुतूहल आहे, दुसरं काही नाही.

आशीर्वाद आहेतच, आणि उत्तराची वाट पाहतो आहे. लवकर लिही.

तुझा,
दादा

*

॥ श्री ॥
बॉथेल, २६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कुतूहल म्हणजे पोलिसांचा जबाब झाला. रेणूने तरी बिचारीने कॅलेंडर काढून उत्तरं दिली. विझलं ते सप्टेंबरच्या नऊ आणि एकोणतीस तारखेला आणि या महिन्यात एकोणीसला. तिन्ही दिवस वारा घोंघावत होता, पाऊस आडवा येत होता. अनया खाली सतरंजी टाकून खेळते, कारण दगडी फरशी थोडी उबदार लागते. सगळी निजतात वर. खिडकी उघडत नाही. घरमालकाने उन्हाळ्यातच सगळ्या फटी बुजवल्या, नवी दुहेरी काचेची तावदानं बसवली. आता घर डब्यासारखं घट्ट आहे, गरम राहतं, हीटिंगचं बिल निम्म्यावर आलं, म्हणून सुशांत खूश आहे.

निरांजनाचा प्रश्न मीच सोडवला. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये बॅटरीवरची निरांजनं मिळतात, अगदी खऱ्या ज्योतीसारखी लुकलुकतात. दोन पाठवून दिली. रेणूला म्हटलं, दिवाळीत देवापुढे दिवा विझायला नको आणि तुझ्या मनाला रुखरुख नको. देवाला बॅटरी चालते, तो काही पावती मागत नाही. ती पोचली, लावलीही. आता विझायचं नावच नाही. पोरगी निर्धास्त झाली आणि मीही.

अनयाच्या मात्र मागच्या शनिवारी दुपारी डोळ्यांवर फार झापड होती. खेळता खेळता सतरंजीवरच झोपली, उठवलं तर डोकं दुखतं म्हणाली. वर नेऊन निजवलं, तासाभरात उड्या मारायला लागली. रेणू म्हणते, तिकडे साडेपाचलाच अंधार पडायला लागला, त्याने मुलं सुस्त होतात.

हॅरॉप आजोबांकडे एक राखाडी मांजर आहे. ते म्हणतात, वादळ आलं की ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, शेडच्या छपरावर भिजत बसते पण आत येत नाही. आजोबांना वाटतं तिला वाऱ्याचा आवाज आवडत नाही. असेल बाबा.

फराळाचं पार्सल सोमवारी टाकते आहे. चकल्या माझ्या हातच्या आहेत, मोडल्या तर टपालखात्याला बोल. लोभ वाढता राहावा.

वसू

*

॥ श्री ॥
ट्रॉय, ३१ ऑक्टोबर २०२४, नरकचतुर्दशी

चि. वसुधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. दिवाळीच्या शुभेच्छा.

चकल्या पोचल्या, निम्म्या अख्ख्या आहेत. आज त्यांचं कौतुक लिहायला बसलो नाही.

रेणूला सांग, बॅटरीचं निरांजन काढून टाक. खरं लाव, तुपाचं, तिथेच खाली, त्याच कोनाड्यात. आणि ते विझलं तर पुन्हा लावत बसू नको. अनयाला उचल आणि घराबाहेर पड. अनयाला खाली जमिनीवर बसवू नको. स्वयंपाकघराची खिडकी काय वाटेल ते करून उघडती करून घे. मी हे का सांगतो ते विचारू नकोस. मी डॉक्टर आहे, एवढं कारण तुला आजवर पुरत आलं आहे.

गंमत म्हणून दफननोंदीतल्या चार ओळी उतरवून देतो. सतराशे एक्क्याण्णव, नोव्हेंबर: रांगेतले नवरा-बायको चुलीपाशी मेलेले सापडले, अंगावर जखम नाही. समासात: वादळ, पारा फार खाली. अठराशे एकोणचाळीस, जानेवारी: तीन भावंडं आणि त्यांचा कुत्रा, खालच्या खोलीत. समासात: कधी नव्हे एवढा पारा खाली. अठराशे चौऱ्याऐंशी, डिसेंबर: दाई आणि बाळंतीण. समासात: वादळ. एकोणीसशे छत्तीस, ऑक्टोबर: एक म्हातारा. समासात: पारा खाली. प्रत्येक पाद्र्याने आपापलं पान लिहिलं. आधीचं पान उलटून कुणी पाहिलं नाही.

सगळी चॅपल रोची आहेत.

रेणूला हे वाचून दाखवू नकोस. नुसतं मी सांगितलं तेवढं करायला लाव.

तुम्हा सगळ्यांना उदंड आयुष्य मिळो, एवढंच आज मागतो.

दादा

*

॥ श्री ॥
बॉथेल, ८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. दिवाळीच्या दिवशी बहिणीला असली गंमत पाठवतात? दोन रात्री मला झोप नाही. आपल्या आईला जसा चाळिशीनंतर दारामागे चोर दिसायला लागला होता, तसं तुझं झालं असेल असं स्वतःला समजावत होते. पण तुझं अक्षर मी ओळखते. खोटी भीती घालताना ते एवढं सरळ येत नाही.

मी सुशांतला फोन केला. तो आधी हसला. मग त्याने माझ्या समाधानासाठी विषारी वायूचा अलार्म आणून स्वयंपाकघरात लावला. त्याचा हिरवा दिवा सतत चालू आहे, म्हणजे सगळं ठीक. रेणू मात्र हसली नाही. तिने खरं निरांजन पुन्हा लावलं आहे आणि अनयाची सतरंजी वर नेली आहे. तिने मला विचारलं, मामांना आमच्या घराबद्दल काही माहीत आहे का. मी म्हटलं, त्याला जगातल्या सगळ्याच घरांबद्दल माहीत असतं. मला माझंच उत्तर आवडलं नाही.

दादा, तू त्या गावाबद्दल हजार गोष्टी सांगितल्यास. पोस्टातली बाई, बर्फात अडकलेली गाडी, सगळं. पण तिथून तू नऊ महिन्यांतच का निघालास हे कधी सांगितलं नाहीस. बाबांनी पत्रातून विचारलं होतं, तू उत्तरात हवामान लिहिलंस. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला ते पत्र आठवतं.

काय माहीत आहे तुला? मला सरळ लिही. माझी नात त्या घरात आहे. उत्तर येईपर्यंत मी तुझ्यावर रागावलेली आहे, असंच समज.

वसू

*

॥ श्री ॥
ट्रॉय, १३ नोव्हेंबर २०२४

चि. वसुधा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू मागितलंस म्हणून लिहितो. शैलजालाही मी हे काल पहिल्यांदा सांगितलं.

एकोणीसशे बहात्तरचा नोव्हेंबर. मला तिथे सहा महिने झाले होते. शैलजाला ईशानच्या वेळचे दिवस गेले होते आणि अमेरिकेचे कागद येण्याच्या बेतात होते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला चॅपल रोला बोलावलं. पाचव्या घरातली बाई, मिसेस टेट, स्वयंपाकघरात खाली पडलेली. शेजारी तिचा कुत्रा, तोही गेलेला. आदल्या आठवड्यात मी तिला पायावरच्या सुजेसाठी तपासलं होतं, हृदय तिच्या वयाच्या मानाने चांगलं होतं. बाकाखाली तिचा चष्मा गेला होता, तो काढायला मी वाकून काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, विझली. तिसरीही. उभा राहून ओढली तर जळली. मला चक्कर आल्यासारखं झालं आणि मी दार उघडून बाहेर आलो.

मी थोरल्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, काड्या दमट असतील. मी कुत्र्याचं विचारलं. ते म्हणाले, कुत्रा म्हातारा होता. मग प्रेमाने म्हणाले की मी शंका काढली तर प्रकरण चौकशीला जाईल, महिनोन् महिने मला साक्षीसाठी थांबावं लागेल आणि माझे कागद अडकतील. मी तिला नुकतंच तपासलं होतं, त्यामुळे सही करायचा अधिकार माझा होता. मी लिहिलं, हृदयविकार. मी सही केली.

ते काय होतं हे मला पुढे इथे आल्यावर पुस्तकांतून कळलं. जुन्या खाणीत हवेतला प्राणवायू संपून जड, मेलेली हवा साठते. तिला वास नाही, रंग नाही. एरवी ती खाली पडून असते. वादळात वरच्या हवेचा दाब उतरला की ती जमिनीच्या फटींतून वर येते आणि घराच्या तळाशी पाण्यासारखी भरते. ज्योत आधी विझते, मग जनावर, मग खाली बसलेलं माणूस. सुशांतचा अलार्म दुसऱ्या वायूचा आहे, त्याला ही कळत नाही. पूर्वी फटी पडलेल्या दारा-खिडक्यांतून ती निघून तरी जायची. आता घर घट्ट आहे.

दफननोंदी वाचणं हा माझा छंद आहे असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी मिसेस टेटच्या आधीचे असे मृत्यू शोधत होतो. दोन वर्षांपूर्वी सापडले. तेव्हाच मंडळाला कळवायला हवं होतं. मी मनाची समजूत घातली की आता सरकारने ती खाण बुजवली असेल. गावाचे अमेरिकेतले डॉक्टर हे बिरूद मला प्रिय झालं होतं, हेही लिहून टाकतो.

आता ऐक. मी इथून रोज तिथल्या हवेच्या दाबाचा अंदाज पाहतो. मोठं वादळ येताना दिसलं की मी सुशांतला कळवीन, त्यांनी दोन दिवस शहरात हॉटेलात जावं. महिन्याभरात घर बदलावं. सुशांतला खरं सांग, पण त्याने गावात बोलू नये. मंडळाला आणि चौकशी अधिकाऱ्याला मी सावकाश, नीट विचार करून लिहीन. एवढी मुदत मला दे. आपली माणसं बाहेर पडली की निम्मं काम झालं.

लोभ ठेवणं आता तुझ्यावर आहे.

दादा

*

॥ श्री ॥
बॉथेल, २४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर आठवडाभर काही लिहू शकले नाही. आज मन हलकं आहे म्हणून लिहिते.

तुझा गुरुवारचा ईमेल मिळताच सुशांतने हॉटेल बुक केलं. शुक्रवारी दुपारी तिघं निघाली. शनिवारी तिकडे झाडं पडली, रस्ते बंद झाले, आमच्या इथल्या बातम्यांतही दाखवलं. मी दिवसभर देवापुढे बसून होते. संध्याकाळी अनयाचा व्हिडिओ आला, हॉटेलच्या पलंगावर उड्या मारत मेंढ्या मोजत होती. मला हसू आणि रडू एकदमच आलं. दादा, तू माझी नात वाचवलीस. बाकी जे काही आहे ते तुझं आणि देवाचं. मी तुझा न्याय करायला बसणार नाही. त्या वेळी तू सत्तावीस वर्षांचा होतास, परक्या देशात होतास.

सुशांतने गावात कुणाला सांगितलेलं नाही. तू म्हणालास तसंच. मीही त्याला बजावलं की मामाच्या नावाला या वयात धक्का लागता कामा नये. रेणूला तर त्याने कारणही सांगितलं नव्हतं, गॅसच्या पाइपचं काम आहे असं म्हणाला.

एक गोष्ट मनात येते आहे ती लिहून टाकते. हॅरॉप आजोबांना काही सांगायला हवं होतं का? शनिवारी दुपारी मला ते एकदम आठवले. सुशांतला विचारावं म्हटलं, पण त्याला पुन्हा त्या विषयात ओढायचं जिवावर आलं. इतकी वर्षं राहतात तिथे, त्यांना काय होणार, असं म्हणून मी चहा ठेवला.

थँक्सगिव्हिंगला ईशान मुलांना घेऊन तुझ्याकडे येतो आहे ना? त्याला माझे आशीर्वाद सांग. लोभ पूर्वीसारखाच आहे, त्यात कमी करू नये.

वसू

*

॥ श्री ॥
थॉर्नबेक, २६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामा यांस,
रेणूचा सा. न. वि. वि.

टपालाला आठवडा लागेल, म्हणून या पत्राचा फोटो काढून ईमेलने पाठवते आहे. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, आणि तुम्हाला ऐकू आलं नसतं.

रविवारी सकाळी आम्ही परत आलो. मांजर शेडच्या छपरावर होती, भिजून अर्धी झालेली. हॅरॉप आजोबांनी दार उघडलं नाही. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते स्वयंपाकघरात जमिनीवर होते. सिंकखालचा पाइप गळत होता, तो आवळायला खाली बसले असावेत, हातात पाना होता. मी त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसले. तोवर वारा पडला होता आणि दार उघडं होतं, म्हणून मला काही झालं नाही. हे मला नंतर कळलं.

डॉक्टर आल्या. तरुण मुलगी आहे, तीन महिन्यांपूर्वी नायजेरियाहून आली. तिने त्यांना मागच्याच आठवड्यात खोकल्यासाठी तपासलं होतं. ती बराच वेळ खोलीत उभी राहिली. मला म्हणाली की काहीतरी बरोबर वाटत नाही, पण काय ते सांगता येत नाही. मग तिने वरिष्ठांना फोन केला. फोन ठेवल्यावर तिने हृदयविकार लिहिलं.

मी घरी येऊन सुशांतला हे सांगितलं. मग त्याने सगळं सांगितलं. तुमचं, मिसेस टेट यांचं, आणि आपण शुक्रवारी नेमके कशापासून पळालो होतो ते.

मामा, शुक्रवारी निघण्याआधी मी आजोबांच्या दारात गेले होते. ॲपल पायची रिकामी थाळी परत द्यायला. त्यांनी विचारलं, एवढ्या वाऱ्यात कुठे चाललात. मी म्हटलं, पाइपचं काम आहे म्हणून शहरात राहतोय. त्यांनी अनयाच्या खिशात टॉफी घातली आणि म्हणाले, वादळात घरीच बरं. मला ठाऊक असतं तर मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं असतं. मागची सीट रिकामी होती. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला ठाऊक होऊ दिलं नाही. आईंनी, सुशांतने आणि तुम्ही.

आम्ही उद्या इथून निघतो आहोत. रांगेत अजून पाच घरं भरलेली आहेत. त्यांच्याकडे मीच जाणार होते. पण माझ्या तोंडचं कोण खरं मानेल, सही मी केलेली नाही, तुम्ही केली आहे. दफन पुढच्या बुधवारी आहे. त्याआधी काय करायचं ते तुम्ही ठरवा. गुरुवारी सकाळपर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही तर मी तुमचा सुशांतला आलेला ईमेल घेऊन पोलिसांकडे जाईन.

नमस्कार करते, कारण तुम्ही मोठे आहात.

रेणू

*

॥ श्री ॥
ट्रॉय, २९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रेणू आणि चि. वसुधा,
दोघींना एकच पत्र लिहितो. वसूची प्रत टपालाने जाईल.

काल थँक्सगिव्हिंग होतं. रेणूचं पत्र मी बुधवारी वाचलं आणि त्याच दुपारी तिथल्या मृत्यू चौकशी अधिकाऱ्याला लिहिलं. पाच नोंदी, समासांसकट. चार पाद्र्यांच्या, पाचवी माझी. माझ्या सहीचं वर्ष, मिसेस टेट यांचं नाव, विझलेल्या तीन काड्या, आणि दोन वर्षांपूर्वी मला सगळं कळूनही मी गप्प राहिलो हे. त्या तरुण डॉक्टरलाही वेगळं लिहिलं की तिला जे बरोबर वाटलं नाही ते बरोबर नव्हतंच, तिने आपला कागद मागे घ्यावा, त्यासाठी माझी साक्ष तयार आहे. काल सकाळी अधिकाऱ्यांचं उत्तर आलं. दफन थांबवलं आहे. मला जबाबासाठी बोलावलं आहे. ईशानने तिकीट काढलं, नऊ तारखेचं. माझे इथले डॉक्टर या वयात विमानप्रवास नको म्हणतात. त्यांना मी सांगितलं की एकदा तिथून वेळेवर निघण्याच्या घाईत मी खोटी सही केली, आता तिथे जायलाच हवं.

तिथे पुढच्या शुक्रवारी, सहा तारखेला, पुन्हा दाब उतरतो आहे. आधीच्यापेक्षा जास्त. कागदांची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. इतिहास मंडळाकडे रांगेतल्या सगळ्यांचे नंबर होते. मी ते मागितले, कशासाठी तेही लिहिलं. काल सगळी जेवायला बसलेली असताना मी फोन घेऊन बसलो. मला पलीकडचं धड ऐकू येत नाही, म्हणून शैलजा शेजारी बसली. ती स्पीकरवर ऐकायची, कागदावर लिहून मला दाखवायची, मी बोलायचो. ईशानची मुलं टर्की पुढ्यात ठेवून माझ्याकडे पाहत होती. त्यांना आजोबांनी काय केलं ते कळावं, असं मला वाटलं, म्हणून मी दार लावलं नाही.

पहिल्या घराने ऐकून घेतलं आणि आभार मानले. दुसऱ्याने मी फसवणारा आहे असं समजून फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला, तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने घेतला. सहाव्यातली माणसं मुलीकडे जाणार आहेत. सातव्यातला माणूस रडला, त्याचा कुत्रा मार्चमध्ये गेला होता.

शेवटी पाचवं घर. मिसेस टेटचं. तिथे आता एक तरुण बाई राहते, तिला आठ महिन्यांचं मूल आहे. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग शैलजाने कागदावर लिहिलं की ती विचारते आहे, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे.

मी सांगितलं, बावन्न वर्षं.

शैलजाने पेन हातात धरून ठेवलं. मग पलीकडून मुलाच्या रडण्याचा आवाज आला, तेवढा मलाही ऐकू आला. त्यानंतर शैलजाने लिहिलं, ती त्याला घेऊन बाहेर पडते आहे.

लोभाची विनंती मी या पत्रात करत नाही.

चंद्रशेखर